पुरुषांचे टक्कल : कारणे व उपचार

मनुष्याच्या डोक्यावर सामान्यतः १,००,००० च्या आसपास केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीत वाढतो. तिला केशकूप असे म्हणतात. केशकूपाचे जीवन चक्राकार असते. २ ते ६ वर्षे तो केस वाढवितो, नंतर २-३ आठवड्यांत आक्रसतो आणि सुमारे ३ महिने विश्रांती घेतो. पुढे जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे ही स्वाभाविक गोष्ट होय. फणीत अडकलेले केस मोजून धास्तावणाऱ्या तरुणाने हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

टक्कल पडण्याची प्रक्रिया निराळी असते. तीत दर चक्राबरोबर वाढीचा काळ कमी होत जातो, केशकूप लहान होतो आणि येणारा केस अधिकाधिक बारीक व आखूड होऊन शेवटी लव तेवढी उरते. आरंभ बहुधा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून व टाळूपासून होतो. कानांवरचे व मानेवरचे केस मात्र टिकून राहतात.

षंढांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत आढळते. त्याचा शास्त्रीय उलगडा अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये केला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते, अशा पुरुषांचे केस शाबूत होते. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचेच केस विरळ होऊ लागले. संप्रेरक थांबविल्यावर ऱ्हास थांबला, परंतु गेलेले केस परत आले नाहीत. टक्कल पडण्यास आनुवंशिकता व संप्रेरक ही दोन्ही लागतात, असा याचा अर्थ. ही आनुवंशिकता केवळ आईकडूनच येते, हा समज बरोबर नाही. ती दोन्ही घराण्यांकडून येऊ शकते.

पुढचा दुवा १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात मिळाला. तेथील काही कुटुंबांतील पुरुषांत जन्मतःच एका विकराची उणीव होती. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करते. या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी लहान होती आणि कपाळावरील केसांची रेषा मागे हटलेली नव्हती. केशकूपाला आक्रसविणारे द्रव्य कोणते, हे यावरून कळून आले. त्याच विकराला अडविणारे फिनास्टेराइड हे औषध प्रथम पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर वापरात आले आणि १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी त्याच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीस मान्यता मिळाली.

दुसरे औषध मिनॉक्सिडिल. ते मूळचे रक्तदाबावरचे. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसून आल्यावर त्याचा डोक्यास लावण्याचा द्रव तयार करण्यात आला. त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

या औषधांकडून अपेक्षा माफक ठेवावी. आहेत ते केस टिकविणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. गुळगुळीत झालेल्या भागावर त्यांचा फारसा प्रभाव पडत नाही. मिनॉक्सिडिलच्या आरंभी काही आठवडे केस अधिक गळू शकतात, त्यामुळे घाबरून उपचार सोडू नये. गुण दिसण्यास ४ ते ६ महिने लागतात आणि औषध बंद केल्यास मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत कामेच्छा मंदावते, क्वचित मन उदास होते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. घरातील गर्भवती स्त्रीने त्याच्या फुटलेल्या गोळीस स्पर्श करू नये.

उपचारापूर्वी निदान महत्त्वाचे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सर्व डोक्यावरचे केस एकाएकी गळू लागतात. ते बहुधा आपोआप परत येतात. चाई पडली तर गोल चट्टे दिसतात. अवटू ग्रंथीचे विकार, लोहाची उणीव आणि लहान मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण यांचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत.

शस्त्रक्रियेचा पाया नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी घातला. मानेवरचे केस पुढे रोवले तरी ते आपला मूळ टिकाऊ गुणधर्म सोडत नाहीत, असे त्यांना आढळले. परंतु अशा केसांचा साठा मर्यादित असतो आणि रोपणानंतरही भोवतालचे मूळचे केस विरळ होतच राहतात. शिवाय ही शस्त्रक्रियाच असल्याने ती प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच, शस्त्रक्रियेची पुरेशी साधने असलेल्या ठिकाणी करून घ्यावी.

टकलाच्या लज्जेवर मोठा बाजार पोसला जातो. भारताच्या १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 'जे' परिशिष्टात टक्कल समाविष्ट आहे. त्यात नमूद केलेले विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही. तेलाच्या बाटलीवर खात्रीचे वचन छापलेले दिसले, की वाचकाने या नियमाचे स्मरण करावे. डोक्यावर टोपी घातल्याने, केस वारंवार धुतल्याने वा कापल्याने टक्कल पडत नाही; मुंडणाने केस दाटही होत नाहीत.

टकलामुळे स्वतः शरीरास अपाय होत नाही. त्याचे दुःख आरशासमोरचे असते, पण म्हणून ते खोटे नसते. ज्याला उपचार हवा त्याने तो लवकर सुरू करावा. ज्याला नको त्याने निःशंक मनाने केस बारीक कापून आपल्या कामाला लागावे. दोन्ही निर्णय सारखेच शहाणपणाचे आहेत.