अंश वाढवा, वीज वाचवा

उन्हाळा सुरू झाला की शासकीय कार्यालये, बँका, रुग्णालये आणि अनेक घरांतूनही वातानुकूलन यंत्रे चालू होतात. उन्हातून आलेली व्यक्ती प्रथम थर्मोस्टॅट १८ अंशांवर आणते. खोली लवकर थंड व्हावी, हा त्यामागील हेतू. हा समज दूर होणे आवश्यक आहे. कारण त्याची किंमत वीजदेयकात मोजावी लागते आणि कार्यालयाचे देयक जनतेच्या पैशातून भरले जाते.

थर्मोस्टॅटचे कार्य

थर्मोस्टॅट वेग वाढवीत नाही. यंत्राने कोठे थांबावयाचे, ती मर्यादा तो ठरवितो. साध्या यंत्रातील कॉम्प्रेसर एकाच गतीने चालतो. त्यामुळे आकडा १८ असो वा २४, खोली ३४ अंशांवरून २४ अंशांवर येण्यास सारखाच वेळ लागतो. फरक इतकाच की, १८ चा आकडा लावलेले यंत्र तेथे न थांबता पुढे चालतच राहते. गती कमी-अधिक करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रातही आकडा जितका खाली, तितका कॉम्प्रेसरवरील भार अधिक.

विहिरीचे उदाहरण

हे यंत्र म्हणजे वस्तुतः उष्णतेचा पंप होय. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. विहिरीचे पाणी जितके खोल, तितके ते वर काढण्यास श्रम अधिक. बाहेर ४० अंश तापमान असताना खोली २४ अंशांवर ठेवण्यासाठी उष्णतेला १६ अंशांची चढण चढावी लागते. १८ अंशांसाठी २२ अंशांची. शिवाय खोली अधिक थंड असेल, तर बाहेरची उष्णताही अधिक वेगाने आत शिरते. म्हणजे पाणी खोल गेलेले आणि उपसावयाचेही जास्त!

थंड देशांत असाच पंप उलट दिशेने चालवून घरे उबदार ठेवतात. तेथेही आकडा एकदम पुष्कळ वाढविल्यास अनेक यंत्रांतील साहाय्यक विद्युत तापक सुरू होतो आणि पंपामुळे होणारी बचत वाया जाते. म्हणून माफक व स्थिर आकडा हाच तेथीलही नियम आहे.

काय करावे?

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे आकडा एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. तारांकित यंत्रांचा मूळ आकडा २४ अंश असावा, असे बंधन १ जानेवारी २०२० पासून लागू झाले. तथापि, तो बदलण्याची मुभा वापरणाऱ्यास आहे; म्हणून खरी जबाबदारी त्याचीच.

आकडा २४ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवून छताचा पंखा मंद चालवावा. साध्या पंख्यास सुमारे ७५ वॅट, तर दीड टनी यंत्रास सुमारे १,५०० वॅट वीज लागते. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, उन्हाच्या बाजूस पडदे लावावेत आणि हवेची जाळी वरचेवर धुवावी. खोली रिकामी होताच यंत्र बंद करावे. कार्यालयप्रमुख, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी आपल्या खोलीपासून आरंभ केला, तर इतरांना वेगळे सांगावे लागणार नाही.