पोहोच आणि मुदत

टेलिफोनची किंवा इंटरनेटची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही, हे वाक्य पेडणे तालुक्यात मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या निश्चयाने उच्चारलेले ऐकले आहे, की लोकांच्या मनात ते कायद्याइतकेच पक्के बसले आहे. कंपनीच्या दुकानातला मुलगा ते सांगतो, म्हापशाच्या बाजारात भेटलेला परिचित ते सांगतो, आणि ज्यांचे पैसे अडकून पडले आहेत ते गृहस्थही निरुपायाने तेच सांगून गप्प बसतात. हे वाक्य एके काळी खरे होते, आज ते खरे नाही. आणि ते खरे नसल्याचे मला ज्या प्रकरणात समजले, ते प्रकरण इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, पुढच्या जानेवारीत विमाने उतरू लागली, आणि त्याच्या आगेमागे या भागातले रस्ते रुंद होऊ लागले. रस्ता खणला की त्याच्या कडेने गेलेल्या नळांबरोबर फायबरच्या तारांचाही बळी जातो. आमचा मुलगा बोटीवर नोकरीला. बोट बंदराला लागली की त्याचे दर्शन घडावे आणि नातीच्या अभ्यासाचीही सोय व्हावी, या दुहेरी हेतूने आम्ही फायबरची जोडणी घेतली होती आणि सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी यंत्रावरच्या ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तार बाहेर कुठेतरी तुटली आहे, असा त्याचा अर्थ. घरातल्या यंत्राची कितीही उघडझाप केली तरी तो दिवा विझत नाही.

तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि दोन दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, सहकार्याबद्दल आभार. घरी कोणी आले नव्हते, तार जोडली गेली नव्हती, तांबडा दिवा तसाच लुकलुकत होता. दुकानात गेलो तेव्हा तिथला मुलगा सौजन्याने म्हणाला, ‘‘काका, सिस्टीममध्ये तक्रार बंद दाखवते. तुम्ही नवी टाका ना!’’

या ‘नवी टाका’ शब्दांपाशी प्रत्येक ग्राहकाने थबकावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. मामलेदार कचेरीतल्या दीर्घ नोकरीत एक गोष्ट मी पुरती ओळखली होती, की अर्जाला जीव असतो तो त्याच्या आवक क्रमांकात आणि तारखेत. जुना अर्ज निकाली काढून त्याच मजकुराचा नवा अर्ज घेतला, की मुदतीची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि महिनोन्महिने खोळंबलेले काम दप्तरी मात्र परवाचे ठरते. म्हणून मी नवी तक्रार देण्यास नकार दिला, जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून ‘निवारण झालेले नाही’ असे ई-मेलने लेखी कळवले, आणि सोबत दोन पुरावे जोडले: निवारणाचा तो संदेश, आणि त्याच दिवशीच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवलेल्या यंत्राचे, तांबडा दिवा स्पष्ट दिसेल असे छायाचित्र. न झालेले काम झाले असे सांगणारा कंपनीचाच संदेश हा ग्राहकाच्या हातातला सर्वांत बळकट दस्तऐवज होय. तो कधीही पुसून टाकू नये.

दुकानातल्या मुलाने दुसरा सल्ला दिला तो ट्रायकडे जाण्याचा. हाही सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि त्यात कित्येकांचे महिने वाया जातात. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे दूरसंचार नियामक प्राधिकरण नियम करते, दर आणि दर्जा यांवर देखरेख ठेवते. परंतु एकेका ग्राहकाची फिर्याद ऐकून निवाडा देणे हे त्याचे काम नव्हे. तिथे पाठवलेला अर्ज फार तर कंपनीकडे धाडला जातो. मात्र त्याच प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी एक उपयुक्त पायरी बांधून ठेवली आहे, आणि तिची माहिती दुकानात कोणी आपण होऊन देत नाही. तक्रार केंद्राकडून मुदतीत निवारण झाले नाही किंवा झालेल्या निवारणाने समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते. त्यास शुल्क नाही, आणि ते एकोणचाळीस दिवसांत निकाली काढणे कंपनीवर बंधनकारक आहे. अपील कोठे करावयाचे तो पत्ता प्रत्येक कंपनीला जाहीर करावा लागतो. बिघाड तीन दिवसांहून अधिक रेंगाळला तर भाड्यात सूट देण्याची आणि पंधरवड्याहून अधिक रेंगाळला तर महिन्याभराचे भाडे सोडण्याचीही तरतूद आहे. पण ती सूट मागितल्याशिवाय मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

माझ्या अपिलावर उत्तर आले ते मुदत थोडी वाढवून देण्याचे. तार जोडण्याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. बंद असलेल्या सेवेची मुदत वाढवून मिळाली, तर ग्राहकाच्या पदरात काय पडते? आता पुढची पायरी ग्राहक आयोगाची, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाची, आणि तिथेच ते सर्वमुखी वाक्य आडवे आले.

त्या वाक्याचे मूळ असे आहे. केरळातील कोळिकोडच्या एका ग्राहकाचा टेलिफोन बिलाच्या वादातून तोडला गेला होता आणि जिल्हा मंचाने तो पुन्हा जोडून नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ७ब मध्ये अशा वादांसाठी लवादाची तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचांना ते ऐकण्याचा अधिकार नाही. तेव्हापासून देशभरच्या मंचांतून टेलिफोनच्या फिर्यादी परत जाऊ लागल्या. लवाद नेमायचा केंद्र सरकारने. पाचपन्नास रुपयांच्या कपातीसाठी तिथवर कोण जाणार? नेमके ज्या काळात घरोघर मोबाइल पोहोचला, त्याच काळात सामान्य माणसाला सर्वांत जवळचे असलेले दार बंद राहिले, ही मला या देशाच्या ग्राहक चळवळीच्या इतिहासातली फार मोठी हानी वाटते.

ते दार उघडले अहमदाबादच्या एका ग्राहकाने. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या या गृहस्थांना २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे २४,६०९ रुपयांचे बिल आले. त्यांनी २०१४ साली जिल्हा मंचात फिर्याद दिली, आणि कंपनीने अधिकाराचाच मुद्दा काढून ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने स्पष्ट केले, की तार कायद्यातील लवादामुळे ग्राहक मंचांचा अधिकार लोप पावत नाही; कोणत्या मार्गाने जायचे हे ग्राहकाने ठरवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येत दूरसंचाराचा नावानिशी समावेश आहे. एवढे होऊनही आमच्या तालुक्यात जुनेच वाक्य चालू राहावे, आणि ज्यांच्या फायद्याचे ते आहे त्यांच्याच दुकानांतून ते सांगितले जावे, याचे मला दुःख होते.

मी कंपनीला रजिस्टर टपालाने नोटीस पाठवली. वकील लावला नाही. तो सक्तीचा नाही. सर्व क्रमांक, तारखा, पुराव्यांच्या प्रती, २०२२ च्या निर्णयाचा उल्लेख, न वापरलेल्या महिन्यांची रक्कम परत करण्याची मागणी, आणि ती मुदतीत न मिळाल्यास उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाईन हे विधान, एवढाच मजकूर. रक्कम परत आली. त्यातून यंत्राची किंमत वळती करण्याचा प्रयत्न झाला, परंतु यंत्र परत दिल्याची शिक्क्याची पावती मी जपून ठेवली होती, त्यामुळे तीही सोडावी लागली.

ज्यांना आयोगापर्यंत जावेच लागेल त्यांनी भिऊ नये. फिर्याद कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी नव्हे, तर आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आणि ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखलही करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि गोव्यात रोलंड मार्टिन्स यांच्या पुढाकाराने चालणारी ‘गोवा कॅन’ ही संस्था ग्राहकजागृतीचे काम करीत आली आहे.

दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. शेजारच्या एका आजींच्या मोबाइलमधून न मागितलेल्या गाण्यांच्या सेवेपोटी पैसे कापले जात होते. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर: कंपनीचा तक्रार क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात, बिलावर छापलेला किंवा १९८ हाच क्रमांक लावावा, आणि कोणी ओटीपी मागितला किंवा एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगितले तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर तत्क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

एकट्याच्या तक्रारीने आमच्या वाड्यावरची रेंज मात्र सुधारलेली नाही. त्यासाठी २०२४ च्या दर्जाविषयक विनियमांचा आधार घेता येईल: कोणत्या भागात कोणत्या प्रकारची सेवा मिळते याचा नकाशा आता प्रत्येक मोबाइल कंपनीला आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा लागतो. नकाशात सेवा दाखवलेली आणि प्रत्यक्षात घरात फोन लागत नाही, अशा घरांची यादी वाड्यावाड्यांतून गोळा करून ती तांबोसे-मोपा-उगवे पंचायतीच्या येत्या ग्रामसभेपुढे ठेवण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. यादीत नाव घालू इच्छिणाऱ्यांनी घराचा क्रमांक, कंपनीचे नाव आणि आपल्या तक्रारीचा क्रमांक तारखेसह लिहून द्यावा.