डायरी बंद करू का?

प्रश्न : मी नोकरी करते आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिवही आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंदी करते, डायरीतही लिहिते. एक भेट इथे, दुसरी तिथे, असं होऊन दोन्हींवरचा भरवसा उडालाय. डायरी बंद करू का?

उत्तर : डायरी राहू द्या, पण प्रत्येक नोंदीचं घर ठरवून टाका. ज्याला तारीख-वेळ आहे ते फोनमध्येच : सभा, विम्याचा हप्ता, मालमत्ता कर. वही वेळेवर वाजत नाही.

वहीचं काम वेगळं. सकाळी कॅलेंडर बघून आजची पाच-सहा कामं हाताने लिहा. न्यूयॉर्कचे डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये लोकांसमोर आणलेली ‘बुलेट जर्नल’ पद्धत इथे उपयोगी पडेल. कामापुढे ठिपका, झालं की फुली, पुढे ढकललं की बाण. महिनाअखेरीस उरलेली कामं नव्या पानावर पुन्हा लिहायची. हा कंटाळवाणा भागच खरा कामाचा. एखादं काम तिसऱ्यांदा उतरवायचा आळस आला, तर ते बहुधा खोडायच्याच लायकीचं असतं. ॲप मात्र तेच काम न कुरकुरता वर्षभर पुढे सरकवत राहतं. (नक्षीदार पानं, रंगीत टेप सोडून द्या, तो छंद झाला, नियोजन नव्हे.)

सभेतले मुद्देही वहीतच टिपा. पानांना क्रमांक घाला, सुरुवातीला अनुक्रमणिका ठेवा आणि महत्त्वाच्या पानांचे फोटो काढा, म्हणजे वही हरवली तरी निभावेल. पासवर्ड मात्र तिच्यात नकोत. सभेत ती सगळ्यांसमोर उघडी पडलेली असते.