बोल जाणणारे यंत्र

तबल्याचे शिक्षण आपल्याकडे मुखाने चालत आले आहे. गुरू बोल म्हणतो. शिष्य ते आधी तोंडाने म्हणतो आणि मग हाताने वाजवितो. 'धा', 'तिट', 'गे', 'ना' हे बोल म्हणजे तबल्याची अक्षरे होत. अक्षरांचे शब्द आणि शब्दांची वाक्ये व्हावीत, त्याप्रमाणे बोलांचे कायदे बनतात. कायदा म्हणजे बोलांची एक ठरीव रचना. तिच्यातीलच बोल मागेपुढे करून वादक नवेनवे पलटे रचतो. परंतु बोल वाटेल तसे फिरविले, तर पलटा होत नाही. कोणता बोल कोठे शोभतो, याचे नियम असतात. मात्र ते सहसा कागदावर नसतात. ते उस्तादांच्या बोटांत आणि कानांत वास करतात.

हे न लिहिलेले नियम लिहून काढता येतील काय? 1980 नंतरच्या दशकात दोन परदेशी संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. जेम्स किपन हे इंग्रज संशोधक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बर्नार बेल हे फ्रेंच गृहस्थ संगणकाचे जाणकार होते. दोघांनी मिळून 'बोल प्रोसेसर' नावाची आज्ञावली सिद्ध केली. ती 'ॲपल टू-सी' या लहानशा संगणकावर चाले. त्या संगणकाची स्मृती अवघी 128 किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्याहून कितीतरी अधिक जागा घेते!

या आज्ञावलीस तबल्याचे जणू व्याकरणच शिकविण्यात आले. 'या जागी अमुक बोलांपैकी एक घ्यावा', असे नियम तिला देण्यात येत. एक नियम तर प्रत्येक तबलजीच्या परिचयाचा आहे. खालीच्या भागात डग्ग्याची घुमार थांबते; म्हणून तेथे 'धा'चा 'ता' होतो आणि 'गे'चा 'के' होतो. असे नियम पाळून यंत्र नवे पलटे रची. इतकेच नव्हे, तर कोणी दिलेला पलटा नियमांत बसतो की नाही, हेही ते तपासून सांगे.

यंत्राने रचलेले पलटे जाणत्या वादकांपुढे ठेवण्यात येत. काही पलटे त्यांस पसंत पडत, काही ते नापसंत करीत. येथेच या प्रयोगाचे खरे मर्म आहे. पलटा चुकला, म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. यंत्र तर नियम अक्षरशः पाळीत असे. उणीव नियमांत असे. मग संशोधक तो नियम दुरुस्त करीत आणि पुन्हा नवे पलटे मागत. अशा रीतीने प्रत्येक चूक उस्तादांच्या मनातील एखादा अव्यक्त नियम उजेडात आणी. अफाक हुसेन खाँ 1990 साली निवर्तले. त्यांच्या विद्येचा काही अंश या नियमांच्या रूपाने मागे राहिला.

पुढे ही आज्ञावली 'मॅकिंटॉश' संगणकावर आली आणि 'मिडी' या पद्धतीने वाद्ये वाजवू लागली. 1994 साली मुंबईच्या 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' येथे सादर झालेल्या एका नृत्यरचनेचे संगीत तिच्याच साहाय्याने तयार झाले होते. बेल यांचा महाराष्ट्राशी आणखी एक ऋणानुबंध आहे. पुण्यात हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कार्यातही बेल सहभागी झाले.

परंतु यंत्रांचे आयुष्य थोडे असते. संगणक बदलले की जुन्या आज्ञावल्या मुक्या होतात. 2019 साली मॅकच्या नव्या प्रणालीने बत्तीस बिटांच्या जुन्या आज्ञावल्यांना थारा देणे बंद केले. जुना बोल प्रोसेसर तसाच राहता, तर त्यातील व्याकरणे असूनही नसल्यासारखी झाली असती. सुदैवाने त्याची मूळ लिखिते सर्वांस खुली होती. त्यांवरून तिसरी आवृत्ती निर्माण झाली. ती विनामूल्य असून निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालते. एखाद्या खेड्यातील शाळेतही ती बसविता येईल.

बसविताना मात्र अडचणी येतात. त्या कशा सोडवाव्या, हे बाजारातील शेतकऱ्याकडून शिकावे. अहिल्यानगर जिल्ह्यात काष्टी येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे बैल पारखणारा जाणता शेतकरी घाईने निवाडा करीत नाही. तो आधी दात पाहतो, मग खूर पाहतो आणि शेवटी बैल चालवून पाहतो. यंत्रातील दोषही असाच क्रमाने शोधावा लागतो.

प्रथम पाहावे, की आज्ञावलीचे पान उघडते काय? ही आज्ञावली संगणकातल्या संगणकात चालणाऱ्या एका सर्व्हरच्या आधाराने चालते. पान उघडत नसेल, तर सर्व्हर सुरू नसेल किंवा आज्ञावली त्याच्या नेमून दिलेल्या कप्प्यात ठेवलेली नसेल. दुसरे, बोल पडद्यावर उमटतात काय? उमटत नसतील, तर आज्ञावलीचे मुख्य अंग त्या संगणकासाठी घडविले गेले नसेल अथवा व्याकरणाला लागणारी बोलांची यादी जोडावयाची राहिली असेल. तिसरे, बोल दिसतात, पण आवाज येत नाही काय? मग मिडीचे स्वरूप आठवावे. मिडी ध्वनी वाहून नेत नाही. कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने वाजवावा, एवढी सूचनाच ती नेते. सूचना पोहोचली, पण वाजविणारे वाद्य जोडलेलेच नसेल, तर शांतताच पसरणार!

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, ते वहीत टिपून ठेवावे. दहा गोष्टी एकदम बदलणाऱ्यास यंत्र चालू झाले तरी दोष कोणता होता, हे कळत नाही; आणि पुढच्या वेळी तो पुन्हा अडतो.

शब्दार्थ
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
खलिफा – घराण्याचा प्रमुख
घुमार – घुमणारा नाद
अव्यक्त – उघड न झालेले
मर्म – गाभा

स्वाध्याय
1. 'पलटा चुकला, म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे', असे का म्हटले आहे?
2. पडद्यावर बोल दिसत असूनही आवाज न येण्याचे कारण सांगा.
3. बैल पारखणारा शेतकरी आणि यंत्राचा दोष शोधणारा मनुष्य यांच्यातील साम्य लिहा.
4. तुमच्या घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती न लिहिलेले कोणते नियम जाणते? ते विचारून वहीत लिहा.