ऑटोमॅटिक गाडीचं आयडल हलतंय? पार्ट बदलण्याआधी तपासणीचे पैसे घ्या

गॅरेज टाकायच्या तयारीत असलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, जुनी ऑटोमॅटिक गाडी आली आहे. सिग्नलला थरथरते, आरपीएमचा काटा वर-खाली होतो, कधीकधी बंदच पडते. काय बदलू?"

आधी काहीच बदलू नका. या तक्रारीची दहा तरी कारणं असू शकतात, आणि अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर ग्राहकाचे पैसे आणि तुमचं नाव दोन्ही जातं.

आपल्या घोडबंदर रोडचाच विचार करा. कापूरबावडी ते कासारवडवली संध्याकाळी सातला गाडी किती वेळ धावते आणि किती वेळ नुसती उभी असते? ऑटोमॅटिकवाला तर गिअर डी मध्ये, पाय ब्रेकवर आणि एसी चालू ठेवून उभा असतो. इंजिनवर गिअरबॉक्सचा लोड, एसीच्या कॉम्प्रेसरचा लोड, वर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की अल्टरनेटरचा लोड. नवं इंजिन हे सगळं सांभाळतं. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत कुठेतरी हवा लीक असेल किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी असेल तर ती इथेच उघडी पडते. त्यात मेट्रो चारच्या कामाची इतक्या वर्षांची धूळ. एअर फिल्टर काढून बघा, मग कळेल.

आता तपासणी. सुरुवात दोन मिनिटांच्या एका टेस्टने करा, याला स्कॅनरही लागत नाही. इंजिन नीट गरम होऊ द्या, एसी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओट लावलेली, गाडीसमोर कुणीही उभं नाही. मग तीन वेळा आरपीएम लिहून घ्या. पहिला न्यूट्रलमध्ये, ब्रेकवरचा पाय काढून. दुसरा न्यूट्रलमध्येच, पण ब्रेक दाबून धरून. तिसरा ब्रेक दाबून, गिअर डी मध्ये टाकून.

बहुतेक जण मधली पायरी गाळतात, आणि घोळ तिथेच होतो. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये उभी असते तेव्हा ब्रेक दाबलेलाच असतो. मग आयडल बिघडलं ते गिअरच्या लोडमुळे की ब्रेकमुळे, हे कसं कळणार? ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या आतलं सील किंवा डायफ्राम फाटला असेल तर पेडल दाबल्यावर बाहेरची हवा थेट इंजिनात जाते. पेडल दाबल्यावर क्षणभर काटा हलणं नॉर्मल आहे. पण दाबून धरलेलं असेपर्यंत आरपीएम बिघडलेलाच राहिला आणि पायाजवळ फुस्स असा आवाज आला, तर आधी बूस्टर बघा.

आमच्याकडे २०१० ची एक आय-टेन ऑटोमॅटिक आली होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्लग, कॉइल आणि थ्रॉटल बॉडीची सफाई असं सगळं आधीच झालेलं होतं. तरी फरक पडला नाही, म्हणून शेवटी त्यांना सांगितलं गेलं, "काका, ऑटो गिअरबॉक्स गेला." गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. काका गाडी विकायच्या विचारात होते. आम्ही ही तीन पायऱ्यांची टेस्ट केली. पहिल्या पायरीत काटा स्थिर. दुसऱ्या पायरीत, गिअर न्यूट्रलला असतानाच, हलायला लागला. म्हणजे गिअरबॉक्सचा संबंधच नाही.

मग इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, पाय तसाच ठेवला आणि इंजिन चालू केलं. बूस्टर चांगला असेल तर पेडल थोडं खाली जातं. इथे हललंच नाही. काकांना म्हटलं, "गाडी आज इथेच राहू द्या, रिक्षाने जा." गायमुखचा घाट उतरताना बूस्टरची मदत मिळाली नाही तर तेवढाच ब्रेक लावायला पायाला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि वय साठच्या पुढचं. आयडलची तक्रार घेऊन आलेला माणूस खरं तर ब्रेकची तक्रार घेऊन आला होता.

आता उरलेल्या शक्यता. तिन्ही पायऱ्यांत काटा स्थिर पण डी मध्ये केबिन थरथरते, तर इंजिनचं फाउंडेशन बघा. रबर बसलं की लोकांना वाटतं आयडल खराब आहे. फक्त डी मध्येच आरपीएम खूप खाली येतो, तर इंजिन लोड उचलत नाहीये: काजळीने भरलेली थ्रॉटल बॉडी, जुने प्लग, चोक झालेला फिल्टर. गिअर ऑइलची लेव्हल आणि रंग इथेच बघून घ्या. गाडीला सीएनजी किट असेल तर हीच टेस्ट पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी करा. पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर हलते, तर किटकडे बघा. पेट्रोल भरल्या भरल्या त्रास होतो आणि नंतर थांबतो असं ग्राहक म्हणाला, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. म्हणून ग्राहकाला नीट बोलू द्या, मध्ये तोडू नका.

स्कॅनरबद्दल. आपल्याकडे ओबीडी दोन टप्प्यांत सक्तीचं झालं, एप्रिल २०१० आणि एप्रिल २०१३. त्यामुळे त्याआधीच्या गाडीत स्वस्तातला स्कॅनर सगळा डेटा दाखवेलच असं नाही. दुसरी गंमत म्हणजे नेटवरच्या परदेशी व्हिडिओत सांगतात, हवा लीक असेल तर फ्युएल ट्रिम प्लसमध्ये जाते. हे मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत बरोबर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो. लीकमधून आलेली हवा त्याला कळते, इसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. तिथे आयडल वर राहतं किंवा झोके खातं. त्यामुळे ट्रिम नॉर्मल दिसली म्हणून लीक नाही असं समजू नका. पाइप हाताने वाकवून बघा. जुनं रबर सरळ असताना ठीक दिसतं, वाकवलं की चीर उघडते.

थ्रॉटल बॉडी साफ केलीत तर आयडल पुन्हा शिकवायची प्रक्रिया त्या गाडीच्या पद्धतीने करा, नाहीतर सफाईनंतर आयडल आणखी बिघडतं आणि ग्राहक तुमच्यावरच येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका.

आता पैशाचा भाग, कारण तुम्ही धंदा करायला बसलाय. वरच्या तपासणीला पाऊण ते एक तास जातो. समजा मेकॅनिकचा पगार २५ हजार आहे. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. यातले बिलावर लागणारे तास निम्मेच धरा, बाकीचे चहा, वाट बघणं आणि पार्ट आणण्यात जातात. म्हणजे नुसत्या पगाराचेच तासाला २४० रुपये. भाडं, वीज, स्कॅनरचा हप्ता जोडा, आकडा सहज ५०० च्या पुढे जातो. हा तास तुम्ही फुकट दिलात तर तो पार्टच्या मार्जिनमधून काढावा लागतो. मग प्रामाणिक माणसाचाही हात पार्टकडे वळतो. काकांच्या गाडीला आधीचे पार्ट का लागले असतील, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

आम्ही आयडलच्या तक्रारीला ७०० रुपये तपासणी घेतो. काम आमच्याकडे केलं तर लेबरमधून वजा. बोर्डवर लिहिलेलं आहे, गाडी आत घेण्याआधी तोंडीही सांगतो. सुरुवातीला दहातले तीन-चार जण "फक्त बघायचे पैसे?" म्हणून निघून जातील, जाऊ द्या. जे थांबतात त्यांना जॉब कार्डवर तिन्ही आरपीएम लिहून द्या, फाटलेल्या पाइपचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, काढलेला पार्ट पिशवीत घालून परत द्या. दुरुस्तीनंतरची ट्रायल रिकाम्या सर्व्हिस रोडवर घेऊ नका. एसी लावून मानपाडा-वाघबीळच्या गर्दीत वीस मिनिटं घ्या. ट्रॅफिकचा एवढा एकच फायदा आपल्याला मिळालाय, तो वापरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढते. गाडी त्या टप्प्याला आली असेल तर दुरुस्तीचं एस्टिमेट देण्याआधी मालकाला विचारा की नूतनीकरण करणार आहात का. उत्तर "नाही" असेल तर फक्त सुरक्षेची कामं लिहा, बाकीची पुढे ढकला. जॉब कार्डचा आमचा नमुना पुढच्या व्हिडिओत रकान्यांसकट दाखवतो.