शॉकअप बदलण्याआधी

प्रश्न : स्प्लेंडरवर मागे कुणी बसलं की खड्ड्यात गाडी दाणकन आदळते. शॉकअप बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. मागच्या स्प्रिंगच्या टोकाशी 5 पायऱ्यांची फिरती कडी असते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, कडीतला चिखल धुवा (जाम कडीवरून पाना निसटला की बोटं सोलवटतात), मग हूक पान्याने कडी एक-दोन पायऱ्या चढवा. दोन्ही बाजूंना पायरी एकच हवी. यानं स्प्रिंग कडक होत नाही; ती आधीच थोडी दाबलेली राहते, म्हणून वजनानं गाडी कमी बसते. एकट्यानं चालवताना कडी पुन्हा उतरवा, नाहीतर कंबर बोलेल. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं, तर मात्र जोडीच बदला.