पडदा आणि मनाची स्वस्थता

विज्ञानाने माणसाचे कष्ट हलके केले, हे कोणीही नाकारणार नाही. आज खेड्यातली भगिनी घरबसल्या मोबाईलवरून पैसे पाठवते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, सारे काही मोबाईलवर येते. तेव्हा मोबाईल फेकून द्या, असा उपदेश या लेखात नाही. तसे करणे कोणालाच शक्य नाही. प्रश्न इतकाच आहे की, दिवसातले कित्येक तास पडद्याकडे पाहून मनाला जी अस्वस्थता येते, ती कशी कमी करावी?

प्रथम आमचीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कॅश काउंटरवर होतो. पेन्शनधारकांची रांग दारापर्यंत गेलेली. मोबाईल शेजारीच ठेवलेला होता. तो थरथरला, आमची नजर क्षणभर तिकडे गेली आणि मोजणी चुकली. संध्याकाळी रोकड २,००० रुपयांनी कमी भरली. तीन वेळा मोजूनही हिशेब जुळेना. शेवटी ती रक्कम आम्ही पदरची भरली. आणि ज्यासाठी नजर वळवली तो संदेश काय होता? कोणीतरी पाठवलेले 'शुभ दुपार'चे चित्र! त्या रात्री झोप लागेना, म्हणून आम्ही काय केले? पुन्हा मोबाईलच हातात घेतला. पैसे गेल्याचे दुःख दोन दिवसांत विसरलो, पण हा प्रश्न मात्र मनात राहिला.

अस्वस्थता का येते?

याचे पहिले कारण म्हणजे सतत वाट पाहणारे मन. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर व उंदरांवर प्रयोग केले. दर वेळी न मिळता अधूनमधूनच, केव्हा ते न कळता, दाणा मिळत असेल, तर प्राणी चोच मारणे लवकर सोडत नाही, असे त्यात दिसले. मोबाईलचेही तसेच आहे. दहा संदेश निरुपयोगी असतात, अकरावा कामाचा निघतो. त्या अकराव्यासाठी आपण शंभरदा खिसा चाचपतो.

दुसरे कारण असे की, या वाचनाला शेवट नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकाचा धडा संपतो. बोटाने सरकवत राहावे आणि पुढे येतच राहावे, ही न संपणाऱ्या पानाची रचना अझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. काम संपले की मनाला जे समाधान मिळते, ते येथे मिळतच नाही.

तिसरे कारण शरीराचे आहे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. मान वाकून दुखते. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती मंदावतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी चिडचिड होते आणि लहानशी गोष्टही मोठी वाटू लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळी चिंता मोबाईलमुळेच येते, असे म्हणणे योग्य नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला नोकरीची चिंता असते, घरच्या परिस्थितीची असते. त्या चिंता खऱ्या आहेत. परंतु थकलेल्या मनाला जी विश्रांती मिळायला हवी, ती वेळ पडदा खाऊन टाकतो. शिवाय दुसऱ्यांचे यश, दुसऱ्यांची सहल, दुसऱ्यांचे नवे घर पाहून आपले सगळे उणे वाटू लागते, ते वेगळेच.

एका गावाचा धडा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली. पुढे शाळा सुरू झाल्या, पण मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक निर्णय घेतला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की घराघरांतील टी.व्ही. आणि मोबाईल बंद. ८.३० वाजता पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे.

या उपक्रमातील मर्म ध्यानात घ्यावे. एकट्याने मोबाईल बंद केला तर 'आपल्यावाचून काहीतरी चालले आहे' ही हुरहूर लागते. सर्वांनी एकाच वेळी बंद केला तर ती हुरहूर उरत नाही. केवळ मुलांना रागावून हे साधत नाही. आम्ही मुलीला रागावलो, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जेवताना ठेवता का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आपण काय करावे?

१) मोबाईलची जागा ठरवावी. रात्री तो उशाशी न ठेवता स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावा. पहाटे उठण्यासाठी गजराचे घड्याळ आणावे.

२) संदेशांचा आवाज बंद करावा, फक्त घरच्यांच्या फोनचा चालू ठेवावा. संदेश पाहण्याच्या दिवसातून तीन वेळा ठरवाव्यात.

३) संगणकावर काम करणाऱ्यांनी दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

४) झोपेपूर्वी एक तास पडदा बंद ठेवावा.

५) विद्यार्थी मित्रांनो, मोबाईल हातात घेण्यापूर्वी काय पाहायचे आहे ते वहीत लिहा. ते पाहून झाले की मोबाईल दूर ठेवा. वहीत न लिहिलेले पाहिले, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. आठवड्याचा हिशेब तुम्हालाच बोलका होईल.

६) हात मोबाईलकडे वळू लागला की दहा मिनिटे थांबावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात मोबाईल जमा करून घेतात आणि सुरुवात श्वासापासूनच होते. ओढ येते, तशी ती जातेही, हे स्वतः अनुभवावे.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल, छातीत धडधड होत असेल, कशातच मन लागत नसेल, तर संकोच न करता डॉक्टरांना भेटावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. मनाच्या दुखण्याला वेड समजून लपवू नये.

आमच्या घरी रात्री ८ ते ९.३० मोबाईल फळीवर असतात. पहिले चार दिवस कठीण गेले. खिशात मोबाईल नसतानाही तो थरथरल्यासारखा वाटे! आता मुलगी अभ्यासाला बसते, आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचतो. काही दिवस नियम मोडतो, हेही कबूल करतो. पण झोप सुधारली आहे, आणि काउंटरवर मोबाईल आता ड्रॉवरमध्ये असतो.

संस्थेच्या सभासदांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरात अभ्यासाला वेगळी खोली क्वचितच असते. संस्थेचे सभागृह संध्याकाळी दीड तास उघडावे, दाराशी मोबाईलसाठी एक पेटी ठेवावी आणि मुलांबरोबर मोठ्यांनीही पुस्तक घेऊन बसावे. यासाठी वर्गणीची गरज नाही. पेटीत पहिला मोबाईल आपण वडीलधाऱ्यांनी ठेवावा, एवढेच.